हवेत साठवलेले शब्द

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या कॉम्प्युटरनं मान टाकली. सकाळी बटण दाबलं तर पडद्यावर काही येईना. नुसता आतून, कुणीतरी नखानं पत्रा वाजवावा तसा टकटक आवाज. दुरुस्तीवाला मुलगा आला. त्यानं हार्ड डिस्क बाहेर काढली, कानाशी धरून हलवली, ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला आणि बॅकअप घेतलाय का, असं विचारलं. बॅकअप नव्हता. बॅकअप हा विमा आणि मृत्युपत्र यांच्या जातीचा विषय आहे. त्याची आठवण नेहमी दुसऱ्या दिवशी होते.

त्या डिस्कमध्ये बारा वर्षांचा संसार होता. विजेची बिलं, मुलीच्या लग्नातल्या निमंत्रितांची यादी, सोसायटीशी झालेला कडवट पत्रव्यवहार, अर्धवट लेख. ते गेलं तर गेलं, खरं सांगायचं तर थोडं हलकंच वाटलं. पण तीत आईचा आवाज होता. धाकटा भाऊ मस्कतला असताना, १९८९ साली, आईनं त्याच्यासाठी एक कॅसेट भरली होती. फोन महाग, पत्र लिहायला बसलं की हात थरथरायचा, म्हणून हे बोलकं पत्र. भाऊ परत आला तेव्हा कॅसेटही परत आली. मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि घराला रंग काढला तेव्हा जागा अडते म्हणून मूळ कॅसेट भंगारात दिली. मी स्वतः दिली. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली.

त्याच संध्याकाळी मोबाइल उघडला, तर त्यानं मला गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात दाखवली. दोन वर्षांपूर्वी एकदा मी त्या तेलाची चौकशी केली होती. एकदाच. ते त्याच्या पक्कं लक्षात आहे. राहायला हवं ते पुसलं गेलं आणि पुसलं जावं ते राहिलं, अशा चमत्कारिक मनःस्थितीत मला चार्ल्स बॅबेज आठवला.

बॅबेजशी आपल्यापैकी बहुतेकांची ओळख एका मार्काची. संगणकाचा जनक कोण, रिकामी जागा भरा. शेजारी कपाळाला आठ्या घातलेल्या म्हाताऱ्याचा फोटो. मीही ती जागा भरून पुढच्या प्रश्नाकडे गेलेला माणूस. पुढं कधीतरी त्याचं चरित्र हाती आलं आणि कळलं, की साठवणं आणि लपवणं या दोन्ही गोष्टींनी या गृहस्थाला जन्मभर झपाटलं होतं.

जन्म लंडनचा, २६ डिसेंबर १७९१. वडील सावकारी पेढीचे मालक, म्हणजे घरात खाऊनपिऊन सुख. नवं खेळणं हातात आलं की त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं, आणि त्यासाठी पोट फाडायचं, ही लहानपणापासूनची सवय. सैतान खरंच असतो का, हे तपासायला त्यानं एकदा आपल्याच बोटाच्या रक्तानं जमिनीवर वर्तुळ काढलं आणि त्यात उभं राहून प्रार्थना उलटी म्हटली. आपल्याकडे कुणी रामरक्षा शेवटाकडून म्हणावी, तसंच. सैतान आला नाही. पाण्यावर चालण्यासाठी पायांना फळ्या बांधूनही पाहिल्या आणि नदीत बुडता बुडता वाचला.

शाळेत मोठी मुलं गुप्तलिपीत चिठ्ठ्या लिहीत. आपल्याकडे मुली च ची भाषा बोलतात आणि आपलं कुणाला काही कळत नाही असं समजतात, तोच प्रकार. धाकट्या बॅबेजच्या हाती अशी चिठ्ठी लागली की तो ती उलगडून दाखवी, आणि ती मुलं त्याला बडवून काढत. म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना त्यानं याची नोंद केली आहे. दोष लिपी बनवणाऱ्यांच्या मूर्खपणाचा आणि मार मात्र आपल्याला, ही तक्रार पन्नास-साठ वर्षांनंतरही ताजी होती. त्याच आत्मचरित्रात कुलपं उघडण्याची कला आणि गुप्तलिपी फोडण्याची कला या दोन्ही एकाच प्रकरणात आहेत. तिथं तो एक फार शहाणपणाची गोष्ट सांगतो. आपण रचलेली लिपी जगात कुणालाच फुटणार नाही, असं प्रत्येकाला वाटतं, आणि माणूस जितका हुशार तितकी ही खात्री जास्त. बायकोची जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्या आम्हा मंडळींना हे पुष्कळ आधी कळायला हवं होतं.

केंब्रिजला गेल्यावर त्याला त्याच्यासारखेच भेटले. त्यातला जॉन हर्शेल जन्माचा मित्र झाला. तिथं न्यूटनची पद्धत देवासारखी पुजली जाई; कलनगणितात अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचं. युरोपात लायब्निझची सोयीची, डी अक्षराची पद्धत रूढ झाली होती. १८१२ साली या पोरांनी मंडळ स्थापलं, आणि बॅबेजनं आपल्या लढ्याला डी-वाद असं नाव देऊन विद्यापीठाच्या पद्धतीला डॉट-एज म्हटलं. इंग्रजीत डॉट म्हणजे टिंब आणि डोटेज म्हणजे म्हातारचळ. असले विनोद करणारी पोरं आजही इंजिनिअरिंगच्या होस्टेलात भेटतात. स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. त्यांचं आणखी एक मंडळ होतं. सभासदांपैकी कुणाला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं तर इतरांनी त्याला सोडवून आणायचं!

१८१४ साली त्यानं जॉर्जियाना व्हिटमोरशी लग्न केलं, वडिलांच्या मनाविरुद्ध. नोकरी पाहिजे म्हणून १८१६ साली हेलिबरी कॉलेजात अर्ज टाकला. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी घडवणारं हे कॉलेज. तिथून शिकून निघालेले साहेब आपल्याकडे कलेक्टर होऊन येत. शिफारशी भक्कम असूनही जागा दुसऱ्यालाच मिळाली. नाहीतर संगणकाचा जनक आमच्या जिल्ह्याच्या साहेबाचा गणिताचा मास्तर निघाला असता.

मग आलं १८२१ साल. हर्शेल आणि तो खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत बसले होते. त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द माणसाला लावत. आकडेमोड करून पोट भरणारा तो कॉम्प्युटर. तो आकडे काढायचा, दुसरा नक्कल करायचा, तिसरा छापखान्यात खिळे जुळवायचा, आणि तिघेही चुकायचे. या कोष्टकांवर जहाजं चालत. चुका इतक्या, की एका प्रसिद्ध लॉगॅरिथमच्या पुस्तकाला शुद्धिपत्र काढलं, त्या शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र काढलं आणि शेवटी त्याचंही शुद्धिपत्र काढावं लागलं. हे सगळं वाफेच्या यंत्रानं झालं तर किती बरं, असं वैतागून बॅबेजच्या तोंडून निघालं, आणि त्या वैतागानं त्याची पुढची पन्नास वर्षं खाल्ली.

त्याच्या पहिल्या यंत्राची युक्ती घरच्या मुलांना पाटीवर करून दाखवण्यासारखी आहे. वर्गसंख्या लिहा : १, ४, ९, १६, २५. शेजारशेजारच्या दोघींतला फरक काढा : ३, ५, ७, ९. या फरकांतला फरक काढा : २, २, २. म्हणजे गुणाकार न करता, नुसती बेरीज करत गेलं तरी पुढचा वर्ग हाती येतो. बेरीज तर दातेरी चाकं करू शकतात. आणि उत्तर यंत्रानंच छापायचं, म्हणजे नक्कल करणारा नको आणि खिळे जुळवणाराही नको. १८२३ साली सरकारनं १५०० पौंड दिले. जोसेफ क्लेमंट हा नामी कारागीर मिळाला. काम सुरू झालं.

१८२७ या सालाबद्दल चरित्रकार चार ओळी लिहून पुढे जातात. मला तिथं थांबल्याशिवाय राहवत नाही. त्या एका वर्षात बॅबेजचे वडील गेले, चार्ल्स नावाचा मुलगा गेला, सप्टेंबरात जॉर्जियाना गेली आणि तिचं तान्हं बाळही गेलं. आठ मुलांपैकी मोठी होऊन संसाराला लागली ती तिघंच. तो युरोपात निघून गेला. रोमला असताना त्याला कळलं, की केंब्रिजमध्ये न्यूटन ज्या जागेवर होता ती प्राध्यापकाची जागा आपल्याला मिळाली आहे. ती त्यानं १८३९ पर्यंत सांभाळली, पण तिथं एकही व्याख्यान दिलं नाही.

यंत्राचा एक तुकडा १८३२ साली उभा राहिला आणि बिनचूक चालला. पुढच्याच वर्षी क्लेमंटशी पैशांवरून बिनसलं आणि काम थांबलं ते थांबलंच. सरकारचे १७,००० पौंडांवर पैसे गेले होते. १८४२ साली सरकारनं हात झटकले. सरकारलाच सगळा दोष देण्याची रीत आहे, पण मला ती पटत नाही. बॅबेजची जीभ तिखट होती, मदत करणाऱ्यालाही तो दुखवी. आणि एक गोष्ट पुरी होण्याआधीच त्याला तिच्याहून सरस दुसरी सुचे. घराचा एक मजला चढतोय तोवर नवा नकाशा आणणारा मालक कुठल्या गवंड्याला परवडेल?

दर शनिवारी त्याच्या घरी मोठमोठ्या लोकांचा मेळा जमे. एका खोलीत गणित करणाऱ्या यंत्राचा तो तुकडा, आणि दुसऱ्या खोलीत चांदीची नाचणारी बाहुली. लहानपणी ती पाहून तो हरखला होता. १८३४ साली लिलावात दिसली तेव्हा त्यानं विकत घेतली, दुरुस्त केली, तिला कपडे शिवून घेतले. पाहुण्यांची गर्दी कुठं होई हे सांगायला नको. यंत्राकडे वळले त्यांच्यातही पार्लमेंटचे दोन सभासद असे निघाले, की यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का, असं त्यांनी त्याला विचारलं. असा प्रश्न पडायला डोक्यात कसला गोंधळ लागतो, याचा त्याला उलगडा होईना.

त्याच १८३४ साली त्याची एकुलती मुलगी जॉर्जियाना, आईचंच नाव असलेली, ऐन उमलत्या वयात गेली. आणि त्याच साली त्याच्या डोक्यात दुसरं यंत्र आलं. पहिलं यंत्र एकाच जातीची गणितं करणारं. हे नवं, सांगाल ते गणित करणारं. त्याचे दोन भाग : आकडे दळायची गिरणी आणि आकडे ठेवायचं कोठार. हुकूम द्यायचे ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांनी. ही कल्पना जॅकार्डच्या रेशमी मागावरून उचललेली. त्या मागावर विणलेलं खुद्द जॅकार्डचं चित्र बॅबेजकडे होतं. त्याला २४,००० कार्डं लागली होती, आणि भलेभले पाहुणे ते छापील चित्र समजत. कोठारात प्रत्येकी ५० आकड्यांच्या १००० संख्या मावाव्यात, असा त्याचा बेत होता. आजच्या मापात हे वीस किलोबाइटच्या आसपास भरतं. सकाळी सकाळी मोबाइलवर येणारी गुलाबाच्या फुलांची सुप्रभात त्यात मावायची नाही. पण तेवढ्या कोठाराला चाकांचे खांबच्या खांब लागले असते.

या यंत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे घंटा. मध्येच एखादा लॉगॅरिथम हवा असला की यंत्र थांबणार, घंटा वाजवणार आणि कोणतं कार्ड हवं ते दाखवणार. मदतनिसानं कपाटातून ते आणून लावायचं. चुकीचं लावलं, तर यंत्र आणखी मोठी घंटा वाजवणार आणि चूक झाल्याची पाटी पुढे करणार. आपल्याला दिवसातून दहा वेळा हिणवणारी ती एररची चौकट या गृहस्थानं कागदावर तेव्हाच तयार ठेवली होती, आवाजासकट. कार्डं एकदा पाडली की जपून ठेवायची, यंत्राचं स्वतःचं ग्रंथालय होईल, हेही त्यानं लिहून ठेवलं. कवी बायरनची मुलगी एडा लव्हलेस हिला या यंत्राचं मर्म कळलं. तिनं १८४३ साली त्यावर सविस्तर टिपणं प्रसिद्ध केली. १८५२ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तीही गेली. यंत्र उभं राहिलंच नाही.

यंत्र नाही तर नाही, बॅबेजची आकड्यांची खोड सुटली नाही. १८५७ साली त्यानं कारखान्यातल्या ४६४ फुटक्या काचा कशाकशानं फुटल्या याचं कोष्टक छापलं. त्यांतल्या १४ दारुड्यांच्या आणि पोरांच्या खाती पडल्या. टेनिसनच्या एका कवितेत क्षणाला होणारे मृत्यू आणि जन्म समसमान होते. तसं असेल तर जगाची लोकसंख्या वाढायचीच नाही, तेव्हा जन्माचा आकडा एक पूर्णांक एक सोळांश असा दुरुस्त करावा, असं पत्र त्यानं कवीला पाठवल्याचं सांगतात. हाही आकडा काटेकोर नाही, पण कवितेला चालून जाईल, अशी सवलतही म्हणे दिली होती.

गुप्तलिपीचा नादही सुटला नव्हता. व्हिजेनेर नावाची एक लिपी सुमारे तीनशे वर्षं अभेद्य मानली जात होती. साध्या लिपीत क च्या जागी नेहमी तेच अक्षर येतं, म्हणून ती फुटते. इथं एका गुप्त शब्दाच्या आधारानं दर ठिकाणी वेगळं अक्षर येतं. १८५४ साली ब्रिस्टलच्या एका दंतवैद्यानं हीच लिपी नव्यानं शोधल्याचा दावा केला. बॅबेजनं ती जुनी असल्याचं दाखवलं, दंतवैद्यानं आव्हान दिलं, आणि बॅबेजनं ती फोडली. फोडण्याची रीत मात्र त्यानं छापली नाही. १८६३ साली कासिस्की या प्रशियन अधिकाऱ्यानं ती छापली आणि श्रेय घेतलं. बॅबेजचं काम विसाव्या शतकात त्याच्या जुन्या कागदांत सापडलं.

त्या काळी लंडनच्या वर्तमानपत्रांत प्रेमिक मंडळी गुप्तलिपीत जाहिराती देत. घरी पत्र आलं तर बापाच्या हाती पडायचं, त्यापेक्षा हे बरं. बॅबेज आणि त्याचे व्हीटस्टन, प्लेफेअर हे मित्र त्या जाहिराती उलगडून वाचत. एकदा एका तरुणानं मुलीला पळून जाण्याचं सुचवलं. व्हीटस्टननं त्याच लिपीत जाहिरात देऊन तिला उपदेश केला. लगेच मुलीची जाहिरात आली : आता लिहू नकोस, आपली लिपी फुटली. मी हा किस्सा आधी हसत वाचला होता. गुडघ्याच्या तेलानंतर वाचला, तेव्हा त्या मुलीच्या पोटात केवढा गोळा आला असेल ते जाणवलं.

गंमत अशी, की दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या या माणसाला स्वतःच्या खोलीत कुणाची लुडबुड खपत नसे. रस्त्यावर पेट्या फिरवत हिंडणाऱ्या वाजंत्र्यांशी त्यानं उभं वैर धरलं. आपली पाव शक्ती या लोकांनी फुकट घालवली, असा त्याचा हिशोब होता. १८६४ साली त्यांच्याविरुद्ध कायदा झाला, त्यात त्याच्या चळवळीचा वाटा होता. शेजाऱ्यांनी सूड म्हणून मुद्दाम वाजंत्री बोलावली. मांडवाशेजारी राहून मुलांच्या परीक्षा पार पाडलेल्यांना या बाबतीत म्हातारा आपलासा वाटेल.

पण मला तो आठवला तो यांतल्या कशासाठीच नाही. १८३७ साली त्यानं एक पुस्तक लिहिलं. एका श्रीमंत उमरावानं ईश्वराच्या सृष्टीवर ग्रंथ लिहवून घेण्यासाठी पैसे ठेवले होते. ठरल्याप्रमाणे आठ ग्रंथ निघाले. बॅबेजला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून त्यानं आपणहून नववा लिहिला. त्यात तो म्हणतो की आपण बोललेला शब्द नाहीसा होत नाही. तो हवेच्या कणांना हलवतो, ते शेजारच्या कणांना हलवतात, हालचाल मंद होत जाते पण संपत नाही. पुरेसं गणित येणारी एखादी बुद्धी असेल, तर ती हे सारं मागं मागं वाचत जाऊ शकेल. हवा म्हणजे एक अफाट ग्रंथालय. न पाळलेली वचनं, कुणी न ऐकलेले उसासे, सगळं त्यात नोंदलेलं. गुलामांच्या जहाजावरून माणसं जिवंत समुद्रात फेकणाऱ्या कप्तानाच्या विरुद्ध त्याच हवापाण्याचे कण साक्ष देतील, असंही तो लिहितो.

आजचं विज्ञान हे मान्य करणार नाही. आवाज बघता बघता उष्णतेच्या गोंधळात मिसळतो, तो पुन्हा वेचून काढणं कुणाच्या आवाक्यातलं नाही. बॅबेजनं यात देवाचा न्याय शोधला, हेही खरं. पण बायको, मुलं आणि शेवटी ती मुलगी, इतक्या जणांचे आवाज घरातून गेलेल्या माणसानं तीन वर्षांनी हे लिहिलं. त्याला साक्षीपुरावाच तेवढा हवा होता, असं मला वाटत नाही.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी तो गेला. हेन्री हा मुलगा कंपनीच्या बंगाल सैन्यात अधिकारी होता, हिंदुस्थानात वर्षानुवर्षं राहिलेला. निवृत्तीनंतर त्यानं बापाच्या यंत्राचे उरलेसुरले भाग जुळवले. १९१० साली त्यानं उभ्या केलेल्या गिरणीनं पायच्या पटींचं कोष्टक छापलं, आणि त्यात चुका निघाल्या! बॅबेजचा मेंदू शास्त्रज्ञांच्या हवाली केला होता. त्याचा अर्धा भाग लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आणि अर्धा शल्यवैद्यांच्या संग्रहालयात. याला बॅकअप म्हणत नाहीत, ही एकच फाइल दोन कपाटांत विभागून ठेवलेली. टिकून राहिले ते खरे कागदावरचे नकाशे. १८४७ ते १८४९ या काळात त्यानं पहिल्या यंत्राचा सुधारलेला नमुना रेखाटला होता. त्या नकाशांवरून सायन्स म्युझियमनं ते यंत्र बनवलं, १९९१ साली, त्याच्या जन्माच्या दोनशेव्या वर्षी. ते बिनचूक चाललं.

आमच्या डिस्कमधून फायली वेचून काढणारे एक गृहस्थ मिळाले. पैसे बरेच लागले. फायली मिळाल्या, पण त्यांची नावं पुसली गेली, नुसते नंबर राहिले. आवाजाच्या सातशेवर आहेत. रोज रात्री जेवणं झाली की मी दहा-बारा ऐकतो. लग्नातली सनई, नातवाचं बोबडं बोलणं, कुठलीशी भाषणं. परवा ४१२ नंबरची उघडली. अठरा सेकंदांची. त्यात बोलणं नाही. पंख्याची घरघर, लांबवर कुकरची शिट्टी, आणि शेवटी कुणीतरी पाट सरकवल्याचा आवाज. आमच्या जुन्या घरचा पंखा असाच वाजायचा. बायकोचं म्हणणं, सगळेच पंखे असे वाजतात. मी ती फाइल वेगळी काढून दोन ठिकाणी ठेवली आहे. आज रात्री ४१३ पासून.